मेलवरचे नाव आणि मेल पाठवणारा

ई-मेल उघडताच सर्वांत वर पाठवणाऱ्याचे जे नाव दिसते, ते त्याने स्वतःच लिहिलेले असते, आणि ते खरे आहे की नाही याची चौकशी ई-मेलची मूळ व्यवस्था करीतच नाही. नाशिकमधील लहान कारखाने आणि द्राक्षनिर्यातदार यांच्या कार्यालयांतील संगणक व मेलखाती सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे, आणि स्पॅमविषयी, म्हणजे न मागता येणाऱ्या मेलविषयी, मला विचारल्या जाणाऱ्या बहुतेक प्रश्नांचे मूळ याच एका गोष्टीत सापडते. "आमच्याच पत्त्यावरून आम्हालाच धमकीचा मेल आला, म्हणजे खाते हॅक झाले का?" असे घाबऱ्या आवाजात विचारणारा फोन अधूनमधून येतोच. अशा वेळी खाते तपासून घ्यावे हे खरे. पण बहुतेकदा खात्याला कोणी हातही लावलेला नसतो, पाठवणाऱ्याने फक्त नावाच्या जागी तुमचा पत्ता लिहिलेला असतो.

मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याची जी पद्धत आजही चालते, ती एसएमटीपी या नावाने ओळखली जाते आणि तिचा प्रमाण ठरलेला मसुदा ऑगस्ट 1982 मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिला. त्या काळी जाळ्यावर विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्कराशी संबंधित कचेऱ्या एवढीच मंडळी होती, आणि एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांवर संशय घ्यावा असे काही कारण नव्हते. या पद्धतीत पाठवणाऱ्याचे नाव दोन ठिकाणी येते. एक नाव दोन सर्व्हरमधील संभाषणात सांगितले जाते, ते पाकिटावर लिहिलेल्या पत्त्यासारखे असते. दुसरे मेलच्या आत लिहिलेले असते, ते पाकिटातल्या कागदावरील लेटरहेडसारखे. वाचणाऱ्याला दिसते ते लेटरहेड. पाकीट कोणाकडून आले आणि लेटरहेड कोणाचे आहे, हे जुळलेच पाहिजे असा नियम मूळ व्यवस्थेत नाही, आणि गेल्या चार दशकांत जे काही उपाय झाले ते या मूळ पद्धतीवर बाहेरून बसवलेले आहेत.

अनाहूत जाहिरातीची सुरुवात मात्र या मसुद्याच्याही आधीची आहे. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थ्युर्क यांनी आपल्या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एकदम पाठवले. त्यावर तक्रारी झाल्या, जाळ्याचा गैरवापर झाल्याचा ठपकाही ठेवण्यात आला. पण त्या निमंत्रणातून कंपनीचे संगणक विकले गेले, असे थ्युर्क पुढे सांगत राहिले. लोक रागावतात आणि तरीही धंदा होतो, हे गणित तेव्हापासून बदललेले नाही.

ते गणित किती टोकाचे आहे हे 2008 मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो आणि बर्कली येथील संशोधकांनी मोजून दाखवले. स्टॉर्म नावाच्या, बाधित संगणकांच्या जाळ्यात त्यांनी शिरकाव केला आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या औषधांच्या जाहिरातींमधील दुवे स्वतः उभारलेल्या बनावट दुकानाकडे वळवले. 26 दिवसांत सुमारे 35 कोटी मेल गेले आणि ऑर्डर देण्याच्या पायरीपर्यंत पोहोचलेले लोक निघाले 28. म्हणजे सव्वा कोटी मेलमागे एक गिऱ्हाईक. कोणत्याही छापील पत्रकाच्या धंद्यात हा हिशेब ऐकून मालक दुकानाला कुलूप लावील. पण येथे मेल पाठवण्याचा खर्च पाठवणाऱ्याच्या खिशातून जवळजवळ जातच नाही. तो जातो ज्याचा संगणक वापरला जातो त्याच्या खिशातून, मेल साठवणाऱ्या कंपनीच्या खिशातून, आणि सकाळी आलेले मेल चाळण्यात ज्याचा वेळ जातो त्याच्या पदरातून.

हे मेल निघतात कोठून, याविषयी एक समजूत अशी आहे की दूरदेशी कोणीतरी माणूस बसून ते पाठवीत असतो. प्रत्यक्षात पाठवणारे यंत्र एखाद्या अगदी साध्या कार्यालयातले असू शकते. चोरीचे सॉफ्टवेअर उतरवून घेतलेला हिशेबाचा संगणक, वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेली कंपनीची वेबसाइट, सर्वत्र एकच पासवर्ड असलेले मेलखाते, यांपैकी काहीही हाती लागले की ते इतर हजारो यंत्रांबरोबर एका दूरस्थ आज्ञाकेंद्राला जोडले जाते आणि मालकाला पत्ता न लागता मेल पाठवू लागते. ही आज्ञाकेंद्रे किती मोजक्या जागी एकवटलेली होती, हे नोव्हेंबर 2008 मध्ये दिसले. इतरांचे सर्व्हर आपल्याकडे चालवणाऱ्या, कॅलिफोर्नियातील मॅककोलो या होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तिला ती पुरवणाऱ्या कंपन्यांनी तोडली आणि जगभरातील स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. काही महिन्यांत तो पुन्हा चढला, कारण बाधित यंत्रे तशीच होती. त्यांना फक्त नवा धनी मिळाला.

आपले यंत्र किंवा आपले डोमेन, म्हणजे मेलपत्त्यातील @ नंतरचे नाव, अशा कामी आले, तर त्याची शिक्षा उलट आपल्यालाच भोगावी लागते. स्पॅमहाउससारख्या संस्था 1998 पासून संशयास्पद सर्व्हरच्या याद्या ठेवतात आणि जगभरातील मेलसेवा त्या याद्या पाहून मेल नाकारतात. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका ओळखीच्या कारखान्याने पाठवलेली कोटेशने ग्राहकांपर्यंत पोहोचेनाशी झाली होती, आणि मालकांचा असा समज झाला की बाजारच मंदावला आहे. शोध घेतल्यावर त्यांच्या वेबसाइटवरील संपर्काच्या फॉर्ममधून कोणीतरी रात्रभर दुसऱ्याच मालाच्या जाहिराती पाठवीत असल्याचे दिसले. फॉर्म बंद करणे सोपे होते. डोमेनची गेलेली पत परत मिळवायला मात्र बराच वेळ गेला.

पत्ते मिळवण्याचे मार्ग फारसे गूढ नाहीत. वेबसाइटवर उघडा लिहिलेला पत्ता वाचत फिरणारे प्रोग्रॅम असतात; व्यापारी सूचीमध्ये, प्रदर्शनाच्या पुस्तिकेत, निर्यातदारांच्या यादीत तो छापलेला असतो; आणि एखाद्या सेवेचा विदा (डेटा) फुटला की लाखो पत्ते पासवर्डसह विक्रीस येतात. इन्फो, सेल्स, अकाउंट्स यांसारखे पत्ते तर शोधावेही लागत नाहीत, कोणत्याही डोमेनपुढे ते लावून पाहिले की त्यातले काही लागतातच. पत्ता जिवंत आहे की नाही हे कळण्यासाठी मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे, एका ठिपक्याएवढे चित्र घातलेले असते; मेल उघडल्यावर ते चित्र दूरच्या सर्व्हरवरून मागवले जाते आणि तेवढ्यावरून पाठवणाऱ्याला कळते की येथे कोणीतरी वाचणारे आहे. अनोळखी मेलमधील चित्रे आपोआप उघडू न देण्याची सोय बहुतेक मेलसेवांत असते आणि ती चालू ठेवावी. ओळखीच्या दुकानाच्या किंवा मासिकाच्या मेलमधील "सदस्यत्व रद्द करा" हा दुवा वापरण्यास हरकत नाही; ज्याचे नावही कधी ऐकले नाही त्याच्या मेलमधील तोच दुवा दाबणे म्हणजे आपण हजर आहोत असे कळवणे.

आता गाळणीविषयी. आलेल्या मेलमधील शब्द पाहून तो स्पॅम असण्याची शक्यता मोजणारी पद्धत, जिच्या मुळाशी अठराव्या शतकातील थॉमस बेझ यांचा संभाव्यतेचा सिद्धांत आहे, 2002 नंतर सर्वत्र रुजली. तिच्या जोडीला पाठवणाऱ्या सर्व्हरची पत, दुव्यांची तपासणी आणि इतर वाचकांनी नोंदवलेल्या तक्रारी असे अनेक निकष आले. शिवाय पाकीट आणि लेटरहेड यांचा मेळ घालण्यासाठी तीन उपाय तयार झाले. या डोमेनच्या वतीने मेल कोणत्या सर्व्हरनी पाठवावेत याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. मेलवर डोमेनची डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम. आणि ही तपासणी फसली तर मेलचे काय करावे, याची डोमेनच्या मालकाने दिलेली सूचना म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने (जीमेलच्या हिशेबाने दिवसाला पाच हजार किंवा अधिक) मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले आणि तक्रारींचे प्रमाण 0.3 टक्क्यांच्या आत ठेवण्याची अटही घातली. येथील अनेक कंपन्यांच्या डोमेनवर डीमार्कची नोंद असते, पण तीत "काही करू नका, फक्त कळवा" अशी सूचना असते, आणि तो कळवलेला अहवाल कोणी उघडून पाहत नाही. अशा नोंदीमुळे तोतया मेल अडत नाहीत.

नोंद चोख असली तरीही एक गोष्ट राहतेच, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत कमी समजली जाणारी गोष्ट तीच आहे. हे तिन्ही उपाय मेल अमुक डोमेनवरून आला एवढेच सांगतात. ते डोमेन सज्जनाचे आहे असे सांगत नाहीत. तुमच्या ग्राहकाच्या डोमेनमधील एक अक्षर बदलून कोणी नवे डोमेन विकत घेतले, इंग्रजी एमच्या (m) जागी तसेच दिसणारे आर आणि एन (rn) शेजारी शेजारी ठेवले, आणि त्या नव्या डोमेनवर तिन्ही नोंदी व्यवस्थित केल्या, तर त्याचा मेल सर्व परीक्षांत उत्तीर्ण होऊन थेट इनबॉक्समध्ये येतो. गाळणी जितकी चांगली होत जाते तितका इनबॉक्समध्ये आलेल्या मेलवरचा आपला विश्वास वाढतो, आणि जो थोडा कचरा गाळणीतून सुटतो त्याला तो विश्वास आयता मिळतो. म्हणून लॉटरी लागल्याचे, पार्सल अडकल्याचे, मेलबॉक्स भरल्याचे मेल पाहून मला फारशी चिंता वाटत नाही. अशी ढोबळ पत्रे मुद्दामच ढोबळ ठेवली जातात, असे मायक्रोसॉफ्टमधील संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये मांडले होते: जो पहिल्याच पत्राला हसतो त्याच्यावर ठगाला पुढे वेळ घालवायचा नसतो, त्याला फक्त न हसणारा माणूस हवा असतो. चिंता वाटते ती अजिबात हसू न आणणाऱ्या मेलची.

सातपूर आणि अंबडच्या यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्यांत असा मेल बहुधा परचेस ऑर्डर किंवा कोटेशनची मागणी बनून येतो. मजकूर दोन ओळींचा, व्यवहारी, थोड्या घाईचा. सोबत दाबून लहान केलेली एक फाइल. ती उघडली की समोर काहीच घडत नाही, आणि उघडणारा "फाइल खराब आहे" म्हणून पुढच्या कामाला लागतो. 2014 पासून फिरत असलेला एजंट टेस्ला हा प्रोग्रॅम अशाच खोट्या ऑर्डरींच्या आडून मोठ्या प्रमाणावर पसरवला गेला. तो कळफलकावर टंकलेली अक्षरे आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गोळा करून बाहेर पाठवतो. दुसरा प्रकार सर्व फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा. कार्यालयीन फाइलींमधील मॅक्रो, म्हणजे फाइलीतच दडलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, हा त्यांचा आवडता दरवाजा होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये आपोआप बंद ठेवण्यास सुरुवात केल्यावर त्यांनी इतर प्रकारच्या फाइलींकडे मोर्चा वळवला. कोटेशन मागणाऱ्या नव्या पार्टीला "फाइल पीडीएफमध्ये पाठवा आणि फोन नंबर द्या" एवढे उत्तर देण्याची सवय मी कारखान्यांना लावतो. खरी पार्टी त्याने बिचकत नाही.

सर्वांत महाग पडणारा प्रकार मात्र शांतपणे वाट पाहणारा असतो, आणि द्राक्षाचा हंगाम त्याला फार सोयीचा आहे. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या भागांतील पॅकहाउसमधून कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे आणि तेथून युरोपकडे निघतात. माल रॉटरडॅमसारख्या बंदरात पोहोचायला काही आठवडे लागतात, पोहोचल्यावर त्याची तपासणी होते, दर्जावरून दराची घासाघीस होते, आणि अंतिम रक्कम त्यानंतर ठरते. हे सगळे मेलवर चालते. दोहोंपैकी एका बाजूच्या मेलखात्याचा पासवर्ड जर ठगाच्या हाती असेल, तर तो लगेच काहीच करीत नाही. तो वाचत राहतो. इन्व्हॉइसचा नमुना, सही करणाऱ्याची बोलण्याची ढब, कोणता कंटेनर कधी पोहोचणार, हे सारे त्याला कळते. मग तो खात्यात एक गुपचूप नियम घालतो, की अमुक ग्राहकाकडून आलेले मेल इनबॉक्समध्ये न दाखवता एखाद्या कधीही न उघडल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये टाकावेत. आणि रक्कम येण्याच्या दोन दिवस आधी ग्राहकाला मेल जातो: लेखापरीक्षणामुळे आमचे नेहमीचे खाते तात्पुरते बंद आहे, कृपया सोबतच्या इन्व्हॉइसवरील नव्या खात्यात पैसे पाठवावेत.

पुढे जे होते ते क्लेशकारक असते. ग्राहक म्हणतो की मी तुमच्याच मेलप्रमाणे पैसे भरले. निर्यातदार म्हणतो की माझ्या खात्यात काहीच आले नाही. दोघेही खरे बोलत असतात. येथे बागायतदारांचे पैसे थकतात, आणि निर्यातीची रक्कम ठरलेल्या मुदतीत देशात आली हे बँकेला दाखवण्याची जबाबदारी निर्यातदाराच्या डोक्यावर राहतेच. हे फक्त लहान माणसांनाच होते असेही नाही. लिथुआनियातील एका ठगाने 2013 ते 2015 या काळात तैवानमधील एका हार्डवेअर पुरवठादाराच्या नावाचीच कंपनी लाटव्हियात नोंदवून गुगल आणि फेसबुक यांना खोटी बिले पाठवली आणि दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. त्याला डिसेंबर 2019 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्यांची मेलगाळणी जगभर वापरली जाते त्या कंपनीच्या लेखाविभागातूनही पैसे गेले, कारण बिले नेहमीच्या पुरवठादाराची वाटत होती.

या प्रकाराला तांत्रिक उपाय थोडे आणि कार्यालयीन शिस्तीचे उपाय अधिक आहेत. खाते क्रमांक बदलल्याचा कोणताही मेल आला, तर मेलमध्ये दिलेल्या नंबरवर चौकशी न करता आपल्याजवळ आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून आवाज ओळखीचा आहे ना हे पाहायचे, ही अट हंगामाच्या सुरुवातीलाच ग्राहकाला लेखी कळवून ठेवावी. "आमचे खाते मेलवरून कधीही बदलणार नाही" हे वाक्य इन्व्हॉइसवरच छापून घेतलेले मी पाहिले आहे आणि ते मला फार पसंत पडले. मेलखात्यावर दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागणारी) चालू असावी, आणि खात्याच्या सेटिंगमधील नियम व फॉरवर्डिंग महिन्यातून एकदा कोणीतरी उघडून पाहावे. हे पाहण्यास पाच मिनिटे लागतात आणि तरीही ते कोणी करीत नाही, कारण तेथे काही असू शकते हेच बहुतेकांना ठाऊक नसते. बँकांच्या बाबतीत एक सोय अलीकडे झाली आहे: रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इन या राखीव डोमेनवर येण्यास सांगितले, त्यामुळे बँकेच्या नावाने आलेल्या दुव्यातील डोमेनचा शेवट पाहून निदान एक पहिली पारख करता येते. 2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे, आणि निवास, तंबू, दर्शनाचे पास यांच्या नावाने मेल येऊ लागतील तेव्हा हॉटेलवाल्यांनी आणि यात्रेकरूंनी दुव्यातील डोमेनचा शेवट पाहण्याची हीच सवय वापरावी.

कायद्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवता येत नाही. नको असलेल्या व्यापारी कॉल आणि एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाचे 2018 चे नियम आहेत. ई-मेल त्यांच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेत 2003 पासून स्पॅमविषयी स्वतंत्र कायदा आहे, तसा आपल्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 66 अ मध्ये, मेल कोठून आला याविषयी वाचणाऱ्याची दिशाभूल करणे हा गुन्हा ठरवणारे एक उपकलम होते; पण 2012 मध्ये पालघरमधील दोन तरुणींच्या अटकेनंतर गाजलेले ते संपूर्ण कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले असे मी मानतो. मात्र त्याबरोबर गेलेल्या त्या छोट्या, उपयुक्त तरतुदीची जागा अजून भरलेली नाही. उरतात ती कलमे 66 क आणि 66 ड, म्हणजे ओळख चोरणे आणि तोतयेगिरीने फसवणे. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पण ती लागू होतात फसवणूक घडल्यावर.

फसवणूक घडलीच, तर पहिला फोन बँकेला आणि लगोलग दुसरा 1930 या राष्ट्रीय मदतवाहिनीला करावा, कारण पैसा पुढच्या खात्यांत फुटण्याआधी गोठवणे हीच खरी संधी असते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा सायबर पोलीस ठाण्यात देता येते. परदेशी ग्राहकाची रक्कम गेली असेल तर त्याला त्याच्या बँकेकडून रक्कम परत मागवण्याची विनंती त्याच दिवशी करायला लावावी. आणि रागाच्या भरात तो मेल पुसून टाकू नये, फॉरवर्डही करू नये. फॉरवर्ड केल्यावर त्याचे मूळ शीर्षक, म्हणजे तो कोणकोणत्या सर्व्हरवरून कधी गेला याची नोंद, निघून जाते. जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून "मूळ दाखवा" हा पर्याय निवडला की ती नोंद फाइल म्हणून उतरवून घेता येते, आणि तपास अधिकाऱ्याला हवी असते ती हीच फाइल. स्क्रीनशॉटवर पाठवणाऱ्याचे फक्त तेच नाव दिसते, जे त्याने स्वतः लिहिलेले असते.